जातानी एक, येतानी दोन

नाई नाई ताई, तुम्ही उलटं टाकलं — जातानी एक, येतानी दोन. नागपूर ते बेंगलोर एक सीट अन् बेंगलोर ते नागपूर दोन. माणूस? माणूस एकच. मीच, पत्रू मट्टामी, आधार दिलं ना तुम्हाले. होते तसं, मागचे तीन डाव झालं आहे — खाली एक्स्ट्रा सीट म्हणून येते, ते दाबलं का बाजूची सीट रिकामी ठेवतेत. नागपूरच्या पोरानं करून देल्लं होतं. तोच म्हणे, तू एवढा उडून राह्यला तर कोन्या एका कंपनीचा मेंबर काऊन नाई बनत, पॉइंट जमतेत, पुढं एखादी फेरी फुकट भेटते. म्हणून आलो. आज अहेरीचा बाजार, मायले मीठ-मिरची घ्याची होती, तुमचा तिकिटाचा बोर्ड दिसला, शिरलो. — तू काऊन हासून राह्यला बे? हो, तुलेच. आपलं आधार पाह्य तू. मी आलो तेव्हापासून अंगठा घासून राह्यला त्या मशीनवर, उमटत नाई, अन् मले हासते. मी विमानात बसलो, तू बसला कधी? — जाऊ द्या ताई. तुम्ही वाचा. पहिले निळ्या कंपनीचं वाचा.

हं. जेवढ्याचं तिकीट तेवढे पॉइंट. बरं. अन् वर्षभर उडालो नाई का पॉइंट खतम. ते नाई होत माझ्याकडून, मी महिन्यातून एक डाव तरी जाईनच. लाल कंपनीचं? — चांदीवाला मेंबर, मंग सोन्यावाला मेंबर. सोन्यावाला झालो तर काय होते? पहिले चढाले भेटते? पहिले चढून काय करू ताई, विमान काय पहिले चढला त्याले घेऊन पहिले उडते? सगळ्याले घेऊनच उडते ते. आणखी? सामान जास्त नेता येते. सामान नाई माझ्यापाशी, एक पुडी राहते, खिशात. मले तुम्ही हे पाहून सांगा — एकावर एक पान नका खोलू, नेट जाईन — हे पाहून सांगा, का रिकाम्या सीटचे पॉइंट कोन देते? दोन सीटचं तिकीट घेते तर दोघांचे पॉइंट द्याले पाह्यजे का नाई? नाई देत? दोनीबी कंपन्या? काऊन? — कोणी बसलं नाई म्हणून. असं लिहिलं आहे, का तुम्ही म्हणून राह्यल्या? लिहिलं आहे. बरं. मंग असं पाहा, दिवसा कोन उडते. मले उजेडातलं पाह्यजे, खाली नदी दिसली पाह्यजे. अन् सरळ जाणारं पाह्यजे, मधात हैदराबादले उतरवणारं नको. मागच्या डावी उतरवलं, तिथंच हुकलं असं मले वाटते.

काय हुकलं? — सांगतो ना. तुमच्या कंपुटरची चकरी फिरून राह्यली, तोवर सांगतो. मी माझ्या दादाले आणाले जातो. मोठा भाऊ. नाई, आपल्या पायानं नाई येत ना तो. मेला तो. मागच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी. — नाई, पाणी नको. बेंगलोरले लिफ्टचं काम करे. आयटीआय केली होती, आमच्या गावातला पहिलाच. एटापल्लीच्या पुढं आमचं गाव, बस जिथं सोडते तिथून घंटाभर पायी. एका घरावर दुसरं घर नाई गावात, अन् हा माणूस लोकाले बाविसाव्या माळ्यावर चढवे. ताप आला, डेंगूचा, चौथ्या दिवशी संपला. मी अन् पोलीस पाटील धावत गेलो. बॉडी राहत नाई म्हणे एवढ्या लांब, इथीच करून घ्या, इथी सही कर. मी केली. मी असाच आहो ताई, कोणी पुढं कागद धरला का सही करतो अन् मंग घरी येऊन डोकं आपटतो. आठवीत शाळा सोडली तीबी अशीच, मास्तरनं एक बोललं, मी दप्तर उचललं. तर दादाचं तिथंच झालं सगळं. आमच्यात माणूस बाहेर मेला तर त्याचा जीव आणा लागते. जिथं मेला तिथून पळसाच्या पानात चार दाणे तांदळाचे बांधाचे अन् घरच्या माणसानं रस्त्यानं हाका मारत मारत आणाचं. नावानं हाक मारा लागते, मोठ्यानं. नदी आली का हाक, शीव आली का हाक. त्याले रस्ता माहीत नसते ना. लेकरासारखा होते तो, पाणी दिसलं का थांबते काठावर, कोणी ये म्हटल्याशिवाय पाय टाकत नाई. मंग गावच्या नाल्यावर माय नवं मडकं घेऊन उभी राहते अन् आणणाऱ्यानं पाण्यात हात घालाचा. हाताले जे जितं लागन — मासोळी म्हणा, खेकडा म्हणा, झिंगा म्हणा — तोच तो. मडक्यात घ्याचा, घरी न्याचा, मंग त्याच्या आठवणीचा दगड उभा कराचा. अन् तोवर घरात त्याचं नाव घ्याचं नाई. नाव फक्त रस्त्यावर. माय पाहा, सहा महिने झाले, 'मोठा' म्हणते नुसतं. मीबी दादाच म्हणतो.

चार डाव आणलं ताई. चार डाव नाल्यात हात घातला. चिखल. एकदा बाटलीचं झाकण लागलं. माय काठावर मडकं घेऊन उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, मडकं उपडं करते अन् डोक्यावर ठेवून घरी जाते. चार मडकी झाली, ओळीनं ठेवली आहेत भिंतीपाशी. कोणी त्याच्यात पाणीबी नाई भरत. दगड आणून ठेवला आहे जंगलातून, आठ माणसं लागली, आडवा पडून आहे, बकऱ्या बसतेत त्याच्यावर. पेरमा, म्हंजे गावचा पुजारी समजा आमचा, तो म्हणे मोहफूल पडाच्या आधी नाई आला तर मंग पुढच्या सालाची गोष्ट. मोहफूल पडाले आता किती दिवस आहेत? तुम्हीच सांगा.

मी सांगतो काऊन हुकलं. पहिल्या डावी सीटच एक होती. इकडून एक जाडा माणूस, तिकडून एक कानात बोंडं घातलेला, मी मधात दाबून. दादा बसन कुठी? उभ्यानं आणू त्याले दोन घंटे? म्हणून दुसऱ्या डावी दोन सीट घेतल्या. तर एक साहेब येऊन त्याच्यातच बसला. कोणी आहे का म्हणे इथी? आहे म्हटलं. कुठी आहे? मी नुसता पाहून राह्यलो त्याच्याकडं, तर त्यानं आपला पेपर उचलला अन् गेला बाप्पा उठून. मॅडम पाणी घेऊन आली, म्हटलं दोन द्या, तिनं देल्ले. चांगली होती. — हो, पुडी तपासतेत ना, दर डाव. तो बंदूकवाला म्हणे, ये क्या है? चावल है साब. चार दाने? हाँ साब, चारीच है. त्यानं सोडून पाह्यली, परत बांधली, पण बांधणं जमलं नाई त्याले, पान फाटलं. म्हटलं त्याच्यानंच हुकलं. तिसऱ्या डावी दादाले खिडकी देल्ली, तर विमान उशिरा सुटलं, अंधार झाला, खाली काही दिसे ना. कोनती कृष्णा, कोनती गोदावरी, काय समजन? चौथ्या डावी हैदराबादले उतरवलं, दुसरं विमान पकडाले पळवलं सगळ्याले, मी पळालो. आता मी पळालो, तर तो राह्यला असन मागं. त्याले पळता येत नसे, लहानपणी पाय मोडला होता मोहाच्या झाडावरून पडून. म्हणून म्हणतो, सरळ, दिवसाचं अन् खिडकी. ह्या डावी होईन. नाई झालं तर पुढच्या. म्हणून तर मेंबर बनाचं आहे ना ताई, मले एका-दोन फेरीचं काम नाई हे.

लालच करा बरं. दादाचं लालच होतं. हा पाहा, त्याचा फोन, काच फुटली आहे पण चालते. लाल कंपनीचा मेसेज येते याच्यावर. हे पाहा — वाचा — नाई, नाव नका वाचू मोठ्यानं, बाकीचं वाचा. तुमचे पॉइंट ह्या महिन्याच्या अखेरीस संपणार, लवकर प्रवास करा. संक्रांतीले शुभेच्छा आल्या होत्या. वाढदिवसालेबी आल्या. सगळ्या दुनियेत एक हीच कंपनी आहे जिले वाटते का दादा अजून उडन. लई जमवले होते त्यानं, मायले बेंगलोर दाखवाचं होतं, लिफ्टमधी बसवाचं होतं तिले. — मले भेटू शकतेत ते? कसे? मृत्यूचा दाखला टाका लागन. नाई. दाखला आहे घरी, पण नाई टाकत. टाकला का ते लोकबी बंद करतीन त्याचं खातं. मंग कोन राह्यलं? नाई नाई, ते पान बंद करा. मी माझे जमवीन.

काय म्हटलं? — हाका? मारल्या ना. नदी आली का मारल्या. म्हंजे दिसली तेव्हा. — मोठ्यानं? आता विमानात मोठ्यानं कसं मारन ताई माणूस. तुम्हीच सांगा. पट्टा बांधून सगळे चुपचाप बसून राहतेत, कोणी खोकललं तरी मागं पाहतेत, तिथी मी आमच्या बोलीत ओरडू? मनात मारली. ओठ हालवले. बस. — नाई, तुम्ही अशा काऊन पाहून राह्यल्या? लाज वाटली तर वाटली. अन् मले एकट्यालेच वाटे का, दादालेबी वाटे! त्यानंच शिकवली मले लाज. दोन साल झाले, मले घेऊन गेला होता कामावर लावाले, आठ दिवस राह्यलो मी, नाई जमलं. तर येतानी त्यानं आपल्या पॉइंटवर माझं विमानाचं तिकीट काढलं. रेल्वेनं पाठवू शकला असता ना? पण नाई, पत्र्या विमानात बसला पाह्यजे. टॅक्सीनं घेऊन गेला. तिथी विमान डोक्यावरून गेलं, एवढं मोठं, पोट दिसे त्याचं, मी ओरडलो, दादा पाह्य, दादा पाह्य, आपल्या बोलीत ओरडलो, दुसऱ्या कोन्या बोलीत ओरडन मी? लोकानं मागं पाह्यलं. अन् दादानं माझा हात दाबला. हळू, म्हणे. इथी आपली बोली मोठ्यानं नको बोलू.

बस. एवढंच बोलला तो. माझं डोकं फिरलं. माझं फिरते ना, सांगतलं तुम्हाले. तिथीच, गेटवर, शिपायासमोर, जेवढा आवाज होता तेवढा काढून म्हटलं त्याले — तुले बोलीची लाज वाटते तर आमची वाटतच असन. तू आमचा नाई राह्यला. गावात पाय नको ठेवजो आता. आलाच तर मी नाल्यावरून हाकलून देईन. — नाल्यावरून म्हटलं ताई. तोच नाला. दुसरा नाला नाई आमच्या गावाले. — अन् त्यानं काय केलं? काही नाई. माझ्या बॅगचा पट्टा निघाला होता, तो बसवून देल्ला. तिकीट हातात ठेव म्हणे, खिशात नको ठेवू, आत परत मागतेत. मी मागं नाई पाह्यलं. त्याच्याच पॉइंटवर उडून आलो अन् गावात सांगत फिरलो ढग कसे असतेत ते.

मंग तो आलाच नाई. दिवाळीले नाई. पंडुमले नाई, नवं धान खाले सगळं गाव राहते त्या दिवशी. मायले फोनवर सांगे, सुट्टी नाई. सुट्टी होती. मले माहीत आहे सुट्टी होती. हे मी मायले नाई सांगतलं, पेरमाले नाई सांगतलं, कोणालेच नाई — तुम्हाले काऊन सांगून राह्यलो कोन जाणे, मी तं पॉइंटचं विचाराले आलो होतो.

रेल्वे नका सांगू. सगळे तेच सांगतेत. पेरमाबी म्हणे, रेल्वेनं आण, बल्लारशाले उतर, दारात उभा राहून नदी नदीवर हाक मार, कोन अडवते? कोणी नाई अडवत, माहीत आहे मले. बल्लारशाहून बस, आष्टीच्या पुलावर वैनगंगा, तिथी हाक मारली तर कंडक्टरबी काही म्हणत नाई, त्याले माहीत असते. म्हटलं, दादा विमानानं ये-जा करे, तो रेल्वेत बसणार नाई. — खरं सांगू? विमानातून आणला अन् नाई आला तर सीट होती, अंधार होता, पुडी फाटली होती. रेल्वेनं आणला, सगळ्या नदीवर हाक मारली, घसा बसेपर्यंत मारली, अन् तरीबी हाताले चिखलच लागला तर? मंग काय म्हणू मी? मंग एकच राहते ना ताई. मंग तो माझं ऐकून राह्यला. हाकलून देईन म्हटलं होतं, तर नाल्याच्या तिकडच्या काठावर उभा आहे अन् ऐकून राह्यला माझं.

…

काय म्हटलं? — तिथी? त्याच गेटवर? तिथी लोक राहतेत ना ताई, बॅगा ओढत, शिपाई राहते — हो. तेव्हाबी होता शिपाई. तेव्हा नाई वाटली लाज. शिव्या द्याले नाई वाटली, मंग ये म्हणाले कशी वाटते? मोठ्यानं बोललो तर मोठ्यानंच परत घ्या लागन. बरोबर आहे तुमचं. नाई, तुम्ही काही चुकीचं नाई बोलल्या. थांबा. थोडं थांबा, मले पाहू द्या.

ते मेंबरचं पान बंद करा. नको लाल, नको निळं. नाई, पक्कं सांगतो. जाचं राहू द्या विमानाचं, लवकरात लवकर, त्या गेटवर विमानानंच पोचाचं आहे मले. एक सीट, कोनतीबी, मधातली चालन. अन् येतानीचं काढून टाका. रेल्वे पाहा बेंगलोर ते बल्लारशा. दिवसा नदी येईन अशी पाहा. दोन बर्थ. खालचा एक भेटला पाह्यजे, त्याचा पाय आहे तसा. अन् त्याचे ते पॉइंट जाऊ द्या महिन्याच्या अखेरीस. दाखला टाकतो का नाई ते मंग पाहीन. मायले नाई बसता आलं लिफ्टमधी. जाऊ द्या.

हो, पहिलं नाव माझंच. पत्रू मट्टामी, वय तेवीस. हो. — दुसऱ्याचं?

दुसऱ्याचं नाव लिहाच लागते का? नुसतं एक्स्ट्रा नाई टाकता येत रेल्वेत? — नाई येत. बरं. — थांबा. हे घर नाई ना ताई. दुकान आहे. रस्त्यावरचं दुकान आहे, दार उघडं आहे, तो पाहा रस्ता. इथी चालते. चालाले पाह्यजे.

लोकेश.

नाई आलं ऐकू? पंखा बंद करा तो. — लोकेश! लोकेश मट्टामी! — वय एकोणतीस. एकोणतीसच लिहा. — अन् तू काऊन उठून उभा राह्यला बे अंगठेवाल्या? बस ना तू. बस.